कावडीचा बदली माणूस

मुंबई,
ता. १८ जानेवारी १९७१

ती. सौ. आक्कास,
रंगनाथचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझा तिळगुळाचा डबा काल पोचला. निम्मा वाटेत मुंग्यांनी संपवला होता. त्या सासरच्या मुंग्या असल्यामुळे झटकू नयेत असं चांगुणाचं म्हणणं पडलं. आम्ही सर्व खुशाल आहोत. नानांचा खोकला कसा आहे ते नीट कळव. मागच्या पत्रात त्याबद्दल एक ओळ लिहून तू लगेच म्हशीवर घसरलीस.

आता बातमी. आमच्या विमान कॉर्पोरेशनच्या वरच्या साहेबलोकांनी मोठ्या शहरांच्या फेऱ्या स्वतःकडे ठेवायचं आणि लहान गावांच्या चार फेऱ्या एका खाजगी कंपनीला देऊन टाकायचं ठरवलं आहे. त्या कंपनीकडे विमानं दोन, तीही जुनी, आणि माणसं रोजंदारीची. लहान गावाला डाकोटा विमान निघालं की आम्हा मेकॅनिकपैकी एकाला त्यात बसून जावं लागतं, कारण तिकडे काही बिघडलं तर पाना धरणारा कुणी नसतो. त्या फेऱ्या गेल्या म्हणजे आमच्यातल्या चाळीस जणांचं काम गेलं. युनियनने वाटाघाटींसाठी पाच जणांची कमिटी नेमली आहे आणि तिच्यात तुझा भाऊ आहे!

परवा गेटवर सभा झाली. मी सांगितलं की फेरी ही कुणाच्या मेहेरबानीची वस्तू नाही, जो ती वाहतो त्याची ती असते. आपलं काम दुसऱ्याच्या खांद्यावर टाकून वर मालकी सांगणाऱ्याला लाज वाटली पाहिजे, असंही सुनावलं. टाळ्या थांबेनात. नगरचा दानीएल गायकवाड माझ्याबरोबर कमिटीत आहे, त्याने तर शिट्टी वाजवली. हे सगळं नानांना वाचून दाखव.

जाता जाता एक काम. चैत्री पौर्णिमा यंदा दहा एप्रिलला आहे. कावडीला मला काही येता येणार नाही, इथे लढा पेटलेला. बन्सीला नेहमीप्रमाणे सांगून ठेव. त्याच्यासाठी धोतर पाठवतो.

दाजींना नमस्कार. माझ्यावर आहे तेवढी माया असू दे, कमी करू नकोस.

तुझा,
रंगनाथ


चिंचवेढे, ता. राहुरी,
ता. ३ फेब्रुवारी १९७१

चि. रंगनाथ यास,
आक्काचे अनेक आशीर्वाद.

नानांचा खोकला बरा आहे. म्हैस आटली. आता पुढे लिहू ना?

तुझं पत्र घरात ऐकायला नानांनी साफ नकार दिला. मुलाचं नाव कमिटीत आलं ते चार भिंतींत कशाला ऐकायचं, असं त्यांनी ठरवलं, आणि शाळा सुटल्यावर मला मारुतीच्या पारावर बसून ते मोठ्याने वाचावं लागलं. दिवसभर चौथीला भूगोल शिकवून घसा बसला होता, त्यात तुझा लढा. निम्मं गाव जमलं. वरून आपलं गाव दिसतं का आणि दिसत असल्यास तिची हरवलेली शेळी कुठे आहे, हे तुला विचारायला कडूबाईने सांगितलं आहे. लहान गावात उतरल्यावर रस्ता कुणाला विचारता, असं सहादेव पाटलांनी विचारलं आहे.

बन्सी खालच्या पायरीवर बसला होता. आपला चुलतभाऊ कसा आहे ते तुला ठाऊक आहे. दिवसाला दहा शब्द बोलणार, त्यातले सहा बैलांशी. जो फेरी वाहतो त्याची ती असते, हे तुझं वाक्य आलं तेव्हा नानांनी हात वर करून मला थांबवलं आणि ते पुन्हा वाचायला लावलं. मला वाटलं, कौतुकाने.

मग तुझा कावडीचा परिच्छेद आला. तो गाळायचा असं मी मनाशी ठरवलं होतं, पण वाचायच्या भरात निघून गेला. सहादेव पाटलांनी तंबाखू मळायची थांबवली, एवढंच.

तुझ्या मुलांनी आपली कावड पाहिलेलीच नाही, म्हणून त्यांना वाचून दाखवण्यासाठी लिहिते. पुणतांब्याच्या घाटावर गोदावरीचं पाणी दोन तांब्याच्या घागरींत भरायचं, बांबूच्या दोन टोकांना त्या लावायच्या, आणि अनवाणी बारा कोस चालत ते पाणी पौर्णिमेच्या सकाळी आपल्या भैरवनाथाला आणून घालायचं. वाटेत कावड जमिनीला टेकवायची नाही. पहिल्या कावडीचा मान आपल्या घराचा. कावडवाला वेशीत आला की मानाच्या घरातल्या वडीलधाऱ्याने त्याचे पाय धुवायचे. कावडीला तू शेवटचा आलास तो त्रेसष्ट साली. तेव्हापासून सात वर्षं नाना बन्सीचे पाय धुताहेत.

चांगुणाला आशीर्वाद. आमची आठवण ठेव, निदान पौर्णिमेपुरती.

तुझी,
आक्का


मुंबई,
ता. १७ फेब्रुवारी १९७१

ती. सौ. आक्कास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र खवचट होतं, पण पोचलं. कडूबाईला सांग की शेळी दिसत नाही. पाटलांना सांग की रस्ता वरूनच विचारतात, रेडिओवर.

आणि नानांनी बन्सीचे पाय धुतले त्यात मी काय गुन्हा केला? एका वर्षी ओव्हरहॉलचं काम होतं, एका वर्षी धाकटीला गोवर, एका वर्षी रजा नामंजूर. बाकीच्या वर्षांचं आता आठवत नाही, पण कारणं होती.

पहिली बैठक झाली. पर्सोनेलचे, म्हणजे आमच्या नेमणुका आणि रजा बघणारे, साहेब चांगले आहेत आणि तेच वाईट आहे. ते चहा मागवतात, घरच्यांची चौकशी करतात आणि मग गळा धरतात. त्यांनी एक वही काढली. लहान गावांच्या फेरीला ज्याचं नाव लागलं तो माणूस गेल्या वर्षी दहापैकी चारदाच स्वतः गेला, बाकी वेळा पोटदुखीची चिठ्ठी आणि जागेवर बदली माणूस, असा त्यांचा हिशेब. तुम्हीच फेऱ्या दुसऱ्याला दिल्या आहेत, मग आम्ही दिल्या तर तुमचं काय बिघडलं, असा त्यांचा सवाल. कमिटीतले चौघेही माझ्याकडे बघू लागले, कारण वहीत माझं नाव तीनदा होतं. एकदा तर खरंच पोट दुखत होतं.

पण मी डगमगलो नाही. बदली माणसांचा एवढा पुळका असेल तर त्यांना कायम करा, असं मी तिथल्या तिथे उलटवलं. साहेबांचा चेहरा पडला. ते म्हणू लागले की बदली माणूस हा आपल्या घरचाच आहे, त्याच्या सेवेची कॉर्पोरेशनला जाणीव आहे, पण बदली नेमणं ही सोय असते, तिच्यातून हक्क निर्माण होत नाही. एकाला कायम केलं की उद्या सगळे रांग लावतील. बघ आक्का, गोड बोलून माणसाला कसं कोरडं ठेवतात! मला इतका संताप आला की मी बिस्किट परत बशीत ठेवलं.

मागणीपत्र छापलं आहे, त्याची प्रत सोबत आहे. कलम चार माझं : तीन वर्षं सलग दुसऱ्याच्या जागी काम करणाऱ्या प्रत्येक बदली माणसास कायम करण्यात यावे. खाली सह्यांमध्ये माझं नाव शेवटून दुसरं आहे, ते नानांना बोट ठेवून दाखव.

बन्सीचं धोतर वेगळ्या पार्सलने पाठवलं. राग आला असेल तर येऊ दे, पण पत्र लिहायचं थांबू नकोस.

तुझा,
रंगनाथ


चिंचवेढे,
ता. १ मार्च १९७१

रंगादादाला बन्सीचा रामराम.

ही चिट्टी आक्का लिवतीया, मी सांगतोय. अर्ज करन्याचं कारन की तुमच्या मागनीच्या कागदातलं चार नंबरचं कलम पारावर दोन वक्ताला वाचलं. त्यात तीन वर्सं लिवल्यात. मी सात वर्सं कावडीला बदली हाय. मधी एक साल ताप हुता, तरी गेल्तो.

मागनी नंबर एक. मला कायम करावं.

मागनी नंबर दोन. कावडीच्या बांबूला तुमच्या घरान्याच्या नावाची पितळी पट्टी हाय, ती काढून आमच्या घरची लावावी.

मागनी नंबर तीन. तीन नंबरचं काय हुतं ते इसरलो. हां. उत्तर न्हाई आलं तर बेमुदत संप. कावड पुनतांब्यालाच ऱ्हाईल. भैरवनाथाचं काय ते मग तुमी बगा.

धोतर मिळालं. सूत लई चांगलं हाय, पन आखूड हाय. वैनीला आन पोरास्नी रामराम. राग धरू नगा. मला बी ह्ये बोलताना कसंतरीच हुतंया.

बन्सीचा अंगठा

ता. क. रंगनाथ, अर्जदाराने सांगितलं तसं लिहिलं आहे, मी एक काना बदललेला नाही. तिसऱ्या मागणीला तो अडकला तेव्हा नाना शेजारी बसले होते, त्यांनी आठवण करून दिली. - आक्का


मुंबई,
ता. ८ मार्च १९७१

ती. सौ. आक्कास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

हे काय चाललंय? कावड म्हणजे विमान आहे का? आणि नाना शेजारी बसून मुकाट ऐकत काय होते? त्यांनी बन्सीला दोन शब्द सुनावायला नकोत?

माझ्या वतीने त्याला समजावून सांग. बन्सी घरचाच माणूस आहे, त्याला आपण कधी परका मानला नाही. त्याच्या सेवेची आपल्या घराला पूर्ण जाणीव आहे. पण मान ही वेगळी गोष्ट आहे. बदली पाठवणं ही एक सोय असते, तिच्यातून हक्क निर्माण होत नाही. आज बन्सीला कायम केलं तर उद्या छत्रीवाला, परवा हलगीवाला रांग लावतील. त्याला आणखी एक धोतर देऊ, या वेळी लांब. एक बॅटरी देऊ. पावसाळा सरला की मुंबईला बोलावू आणि विमानतळ दाखवू. याउपर ताणू नये.

इथेही तिढाच आहे. साहेब विचारतात की फेऱ्या तुमच्याकडेच ठेवल्या तर नाव लागलेला माणूस स्वतः जाईल हे लिहून देता का, दिवाळीलासुद्धा? कमिटीत यावर तीन दिवस भांडण चालू आहे. लिहून द्यायला कुणी तयार नाही. मी तर मुळीच नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे.

हे पत्र पारावर वाचू नकोस. माया असू दे.

रंगनाथ


चिंचवेढे,
ता. १६ मार्च १९७१

चि. रंगनाथ यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पारावर वाचलं. मी नको म्हणत होते, पण पोस्टमनने पाकीट नानांच्या हातात दिलं आणि नाना थेट पारावर जाऊन बसले. वाचू नकोस हे वाक्य अगदी शेवटी लिहितात का?

तुझं सतरा फेब्रुवारीचं पत्र मी जपून ठेवलं होतं. साहेबांनी तुम्हाला काय ऐकवलं ते तू त्यात लिहिलं होतंस. दोन्ही पत्रं मी शेजारी शेजारी ठेवली. घरचा माणूस, सेवेची जाणीव, सोय, हक्क, रांग. रंगा, एक शब्द इकडचा तिकडे नाही. फक्त त्यांनी बिस्किट दिलं आणि तू बॅटरी. पारावर लोक इतके हसले की कडूबाईला ठसका लागला.

मग पंच बसले. नाना पंचांपैकीच, पण घरचा मामला म्हणून ते उठून बाजूला बसले आणि सहादेव पाटलांनी निकाल दिला. तो मी लिहून घेतला आहे, तसाच कळवते. मान ज्याचा त्याने नऊ एप्रिलला सूर्य उगवताना पुणतांब्याच्या घाटावर स्वतः उभं राहावं. बारा कोस स्वतः कावड वाहावी, बदली चालणार नाही. तसं झालं तर मान त्याच्या घरात राहील. तो आला नाही किंवा वाटेत कावड दुसऱ्याच्या खांद्यावर दिली, तर त्याच घटकेला मान बन्सीच्या घरी जाईल, कायमचा. बन्सीने साक्षीला बरोबर चालावं. निकाल नानांना विचारला. त्यांनी मान्य म्हटलं.

त्या दिवसापासून ते रोज सकाळी चिंच आणि राख घेऊन कावडीच्या घागरी घासत बसतात. घासण्यासारखं आता त्यांच्यावर काही उरलेलं नाही, तरी घासतात. आई होती तेव्हा ती तरी त्यांना उठवायची. मला ते बघवत नाही, रंगा. एरवी मी तुझी थट्टा करते. आज करत नाही. ये.

तुझी,
आक्का


मुंबई,
ता. २८ मार्च १९७१

ती. सौ. आक्कास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

काल पाडवा झाला. चांगुणाने गुढी उभारली. मी नुसता बघत होतो.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी अर्ध्या ताटावरून उठत होतो. घरात वाटलं, पोटच दुखतंय. साहेबांचे शब्द माझ्या तोंडात कधी आले ते मला कळलंच नाही. मला लाज वाटली, आक्का. गेटवरच्या सभेत मी जिची गोष्ट केली होती तीच लाज.

पंचवीस तारखेच्या बैठकीत मी बिस्किटाला हात लावत नाही हे पाहून साहेबांनी तब्येत विचारली. तुझी पत्रं मी दानीएलला वाचायला दिली होती, मी काही बोलायच्या आत त्याने सगळी कावड सांगून टाकली. तो नगरचा, लहानपणापासून रस्त्याने जाणाऱ्या कावडी पाहिलेला, त्यामुळे त्याने ती चांगली रंगवून सांगितली. बन्सीच्या अर्जाला साहेब हसले, बॅटरीला तर चष्मा काढून डोळे पुसले. मग एकदम थांबले आणि पंचांचा निकाल नेमका काय होता ते पुन्हा सांगायला लावलं. कागद ओढून ते लिहून घेऊ लागले. हा मसुदा कुठल्या वकिलांचा, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की सहादेव पाटलांचा, ते तंबाखू मळता मळता देतात.

तर आता टेबलावर जे आलं आहे ते चिंचवेढ्याचं आहे. चारही फेऱ्या सहा महिने कॉर्पोरेशननेच चालवायच्या. नाव लागेल त्याने स्वतः जायचं. सहा महिन्यांत माणूस नाही म्हणून फेरी चुकली नाही, तर फेऱ्या कायमच्या आमच्या. चुकली तर त्या खाजगी कंपनीला. आणि तीन वर्षांच्या बदली माणसांना कायम करायचं. कमिटीतले इतर अजून कुरकुरताहेत. त्यांचं म्हणणं सरळ आहे, की रंगनाथ स्वतः घाटावर उभा राहतो का ते आधी बघू, मग आम्ही सह्या करू. चाळीस जणांचं काम आता माझ्या तळपायांवर येऊन ठेपलं आहे.

शेवटची बैठक आठ तारखेला सकाळी आहे, नऊला गुड फ्रायडेची सुट्टी. दुपारच्या गाडीने निघालो तर मनमाडला गाडी बदलून सूर्य उगवायच्या आत पुणतांबं गाठता येतं. रजेचा अर्ज साहेबांनी स्वतः मंजूर केला. कारणाच्या रकान्यात त्यांनी त्यांच्या हाताने लिहिलं की स्वतःची फेरी स्वतः करण्यासाठी. बैठक लांबली तर दानीएल तिथे माझ्या जागी बसू शकेल. पण हे बदलीत धरतात का, ते पंचांना विचारून कळव. मला आता कसलीच जोखीम नको.

नानांना काही सांगू नकोस. किंवा सांग.

तुझा,
रंगनाथ


चिंचवेढे,
ता. ३ एप्रिल १९७१

चि. रंगनाथ यास,
अ. आ.

कार्डावर जागा थोडी. मुंबईतल्या बैठकीवर आपला अंमल नाही, असा पंचांचा निर्णय आहे. रोज थोडं अनवाणी चाल, फरशीवर नव्हे, खडीवर. कावडीचा बांबू डाव्या खांद्यावरून उजव्यावर मानेमागून न्यायचा असतो, तू पुढून नेशील आणि घागरीने कुणाचं तरी डोकं फोडशील. नानांना सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हशीला पाणी पाजायला गेले. आटलेल्या म्हशीला एका सकाळी तीनदा पाणी पाजलं.

आक्का


तार
८ एप्रिल १९७१
तडजोड अर्धी. सह्या नंतर. निघालो. रंगनाथ


मुंबई,
ता. १७ एप्रिल १९७१

ती. सौ. आक्कास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

सुखरूप पोचलो. मिठाच्या पाण्यात पाय सोडून हे पत्र लिहितो आहे. चांगुणा बाजूला उभी राहून फोड मोजते आहे.

वेशीपासून पुढचं तुम्ही पाहिलंत, मागचं मी सांगतो. दानीएल ईस्टरला घरी चालला होता, गाडीत माझ्याबरोबरच होता. पुणतांब्याला मी उतरलो तेव्हा त्याने खिडकीतून ओरडून बजावलं की पडलास तरी घागरी वर धर. घाटावर बन्सी आधीच येऊन उभा होता, अंगावर माझं आखूड धोतर. त्याने घागरी भरून दिल्या, कावड माझ्या खांद्यावर ठेवली आणि बाजूने चालू लागला.

पहिला कोस मी मजेत चाललो. दुसऱ्या कोसाला वाटलं की विमानात बसून लहान गावाला जायला पोट का दुखत होतं बरं? श्रीरामपूरच्या अलीकडे खांदा सुजला. डांबर असं तापलं होतं की मी पाय ठेवण्यापेक्षा उचलतच जास्त होतो. मी बन्सीला नुसतं घटकाभर धर म्हणायला तोंड उघडलं, पण त्याच्याकडे बघून मिटलं. तो माझ्या बरोबरीने सात वर्षांच्या सवयीने चालत होता आणि त्याचा उजवा पाय लंगडत होता. मी विचारलं, तर गुडघा तीन वर्षांपासून असाच आहे एवढंच बोलला. तीन वर्षं, आक्का, त्या गुडघ्यावर माझी कावड! बेलापूरच्या पुलावर मला रडू आलं, ते घाम पुसतो असं दाखवून मी निभावलं.

वेशीत नाना परात घेऊन बसलेले दिसले आणि मला पुढे पाऊल टाकवेना. बापाने पोराच्या पायाला हात लावायचा म्हणजे काय? मी पाय मागे घेतला. त्यांनी घोटा धरून पुढे ओढला, आणि मी लहानपणी पळून जायचो तेव्हा धरायचे तसाच धरून ठेवला. तळपाय उलटा करून फोड पाहिले आणि विमानवाल्याचे पाय म्हणून हसले. आठ वर्षांत त्यांना इतकं मोठ्याने हसताना मी ऐकलेलं नव्हतं.

परवा सगळ्यांनी सह्या केल्या. मी कमिटीच्या टेबलावर पाय वर करून दाखवले, त्यानंतर कुणी कुरकुरलं नाही. साहेबांनी दोन बिस्किटं दिली, मी दोन्ही खाल्ली.

एक मात्र समजत नाही. पितळी पट्टी बदलायची वेळ आली नाही तर त्याला वाईट वाटेल का, असं मी वाटेत बन्सीला विचारलं. कसली पट्टी, असं त्यानेच मला उलट विचारलं. दुसरी मागणी स्वतः केलेला माणूस ती विसरतो कसा?

नानांना सांग, पाय बरे होताहेत. आणि माझ्यावरचा लोभ आता कमावलेला आहे, तो तसाच धरून ठेव.

तुझा,
रंगनाथ


चिंचवेढे,
ता. २५ एप्रिल १९७१

चि. रंगनाथास नानाचा आशीर्वाद.

आक्का लिवतीया, मी सांगतोय. तिनं मधी काय घातलं तर माझं न्हाई.

तुजी चिट्टी ह्या टायमाला घरातच ऐकली. बन्सीला दोस देऊ नगं. मागन्या समद्या माझ्या हुत्या. त्याला कायम बी नगं आन पट्टी बी नगं. तो तीन वर्सं मला सांगतोय की नाना, गुडगा ऱ्हायला न्हाई, दादाला बलवा. पारावर त्याला बसवून पाठ करून घेतलं, तरी तीन नंबरला इसरलाच. पाटलाला निकाल बी मीच सांगून ठिवला हुता. आक्काला अर्ज लिवतानाच उमगलं, पन ती गप ऱ्हायली. तुजी भन हाय.

सात वर्सं तुला सांगावं धाडलं. मानूस आजारी हाय म्हनून धाडलं, सन हाय म्हनून धाडलं, तुजी आय गेली तवा दिवस घालून मागारी गेलास. तू काय येत न्हवतास. मग तुजी ती संपाची चिट्टी आली आन म्या म्हनलं, ह्याला माया कळंना झालीया, भांडान कळतंय. म्हनून भांडलो.

बन्सीचं पाय धुताना माझ्या मनात वंगाळ कदी आलं न्हाई. पोरगा चांगला हाय. पन परातीत पानी वतताना दर साली तुजं पाय ध्यानात यायचं. आता फोड आल्यालं पाय बगितलं. बरं वाटलं.

घागरी धुवून वर टांगल्या. म्हस गाभन हाय. खोकला हाय तेवडाच हाय.

फुडल्या साली भांडान काय काढायचं ते अजून मला सुचलं न्हाई. बिनभांडनाचा येशील तर बरं हुईल, बाबा.

नाना